जड गोष्ट सांगताना : आवडत्या चित्रपटांविषयी मित्रास पत्र

देवगड, जि. सिंधुदुर्ग

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. माझ्या सर्वांत आवडत्या चित्रपटांची नावे तू मागितली आहेस, ती देतोच. पण त्या सगळ्यांतून जाणारा एक धागा आधी सांगतो. जिवलग माणसाला एखादी जड गोष्ट सांगायची आहे आणि ती कशी सांगावी हे उमगत नाही, अशा प्रसंगापाशी जो चित्रपट घाई न करता थांबतो, तो मला कायमचा आपला वाटतो.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004) घे. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात, मुलाला डोळ्यांचा कर्करोग असल्याचे कळते, आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे शस्त्रक्रियेपूर्वी त्या मुलाला सांगणे भाग असते. अरुण नलावडे यांनी उभे केलेले आजोबा शब्द शोधत राहतात. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा मात्र ते नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि दिसेल तेवढे जग त्याला दाखवत हिंडतात. शब्दांनी जे जमले नाही ते त्या हिंडण्याने साधते, असे मला वाटते.

‘श्यामची आई’नंतर (1953) पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो ‘श्वास’मुळे. अत्र्यांचा तो चित्रपट मलाही प्रिय आहे, वनमालाबाईंची आई तर विसरता येत नाही. तरी या पंक्तीत मी त्याला थोडे बाजूला बसवतो, कारण ती आई मनातले थेट आणि स्वच्छ बोलून दाखवते. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तली आई तशी नाही. पतीच्या निधनानंतर बदली होऊन मुलासह कोकणात आलेली ती बाई स्वतःचेच दुःख आवरण्यात गुंतलेली असते, आणि मुलगा इथे कुठे रुळू लागतो तोच पुन्हा बदलीची बातमी त्याला तिनेच द्यायची असते. अमृता सुभाष यांचे काम त्यात फार संयत आहे.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो आणि लेक दुर्गासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयापुढे धरतो. दुर्गा गेली, हे त्याला अजून ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, पण तिचे रडणे ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे आर्त सूर येतात. या एका निर्णयासाठी मी राय यांना वंदन करतो.

सर्वांत वर मात्र मी यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (1953) ठेवतो. ओनोमिची या बंदराच्या गावातले म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला जातात; मुले कामात बुडालेली, म्हणून त्यांची रवानगी आतामीच्या गजबजलेल्या विश्रामगृहात होते, तिथे रात्रभर झोप लागत नाही, आणि सकाळी समुद्राच्या बांधावर बसलेली दोघे घरी परतायचे ठरवतात. वाटेत ती एकमेकांना सांगतात की आपली मुले इतरांपेक्षा बरीच म्हणायची, आपण भाग्यवान आहोत. आपल्याकडून मुंबईला मुलांकडे गेलेली वडीलधारी माणसे ठरल्यापेक्षा आधी परततात आणि विचारणाऱ्याला ‘पोरं सुखात आहेत हो’ एवढेच सांगतात, ते तू आणि मी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जपानी भाषेचे अक्षरही न कळता हा चित्रपट मला आपल्या किनाऱ्यावरचा वाटतो, तो यामुळे. ओझूंचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून पाहतो आणि कोणालाही दोषी ठरवत नाही. मुलेही वाईट नाहीत, हे तो आपल्याला सोसायला लावतो. आईच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी विधवा वहिनीला विचारते की आयुष्य निराशा करणारेच असते ना, आणि त्या वहिनीच्या भूमिकेतली सेत्सुको हारा हसतमुखाने ‘हो’ म्हणते. इतक्या सौम्यपणे इतके कठोर उत्तर दिलेले मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेले नाही.

तू ‘पथेर पांचाली’ला पहिला मान देशील, हे मी जाणतो. तरी आधी ‘टोकियो स्टोरी’ पुन्हा एकदा सलग पाहा, मध्येच उठू नकोस, आणि मग तुझा निवाडा सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र