भिंतीकडचा कोपरा

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या चार दिवसांत जे बोलायचे राहून गेले, ते या पत्रात लिहीत आहे. पाडव्याच्या पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा आतल्या खोलीचा दिवा लागलेला होता. आई पलंगावर गुडघे टेकून, एक तळहात भिंतीला लावून, दुसऱ्या हाताने गादीच्या पलीकडच्या कडेखाली चादर खोचत होती. तो कोपरा नीट बसल्यावर ती मागे सरकत उतरली आणि पलंगाच्या कडेवर कमरेला हात लावून बराच वेळ तशीच बसून राहिली. बाबा, तुम्ही दारात उभे होतात. मदत करावी असे तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. परंतु पलंग आणि शिवणयंत्र यांच्यामधल्या दीड फुटाच्या वाटेत दुसऱ्या माणसाला शिरायला जागाच नव्हती. घर पाहुण्यांनी भरलेले असल्यामुळे मी तेव्हा काही बोललो नाही, आणि फोनवर हा विषय काढला की आई "माझे काही दुखत नाही" असे म्हणून तो बंद करते. म्हणून सविस्तर लिहितो. दोघांनी मिळून वाचावे.

निघायच्या दिवशी मी त्या खोलीची मापे घेतली होती. खोली आठ फूट रुंद आणि नऊ फूट लांब आहे. पलंग साडेसहा फूट बाय पाच फूट असून त्याचे डोके आणि एक बाजू भिंतीला लागलेली आहे, पायथ्याशी लोखंडी कपाट आहे आणि मधल्या फटीत ट्रंका आहेत. म्हणजे पाच फूट रुंदीच्या पलंगाला हात घालायला एकच बाजू मोकळी आहे, आणि तिचाही अर्धा भाग यंत्राने अडवलेला आहे. अशी खोली माझ्या रोजच्या ओळखीची आहे. ज्या कारखान्यात मी कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या आतले सुतारकाम करतो, तिथे आमच्यापुढे हाच प्रश्न कायम असतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची बाहेरची रुंदी आपल्याकडे नियमाने साधारण २.६ मीटरच्या आत, म्हणजे साडेआठ फुटांच्या आसपास ठेवावी लागते. त्यातून दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी वजा केली की आत जे उरते, ते जवळपास आपल्या आतल्या खोलीएवढेच असते. त्यात पलंग आडवा बसवला की तो तीन बाजूंनी भिंतींना भिडतो आणि अंथरूण घालणाऱ्याला त्याच अंथरुणावर चढावे लागते.

या कामात मी जे शिकलो त्याचे सार एवढेच आहे की, अशा जागी माणसाने कोपऱ्यापर्यंत जायचे नसते, गादीने माणसाच्या हातापर्यंत यायचे असते. हे साधण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतले सगळेच तुमच्यासाठी योग्य नाहीत. पलंगाच्या फळीला बिजागऱ्या आणि गॅसचे दांडे लावून ती झाकणासारखी उचलण्याची सोय आमच्याकडे बहुतेक गाड्यांमध्ये असते. खाली सामान ठेवायला ती उत्तम आहे. पण दांडे जुने झाले की फळीचा भार हातावर येतो, आणि तो भार आईच्या मनगटांवर यावा असे मला वाटत नाही. पलंगाला चाके लावून तो भिंतीपासून ओढावा, असे शेजारच्या काकांनी सुचवल्याचे आई म्हणाली होती. शहाबादी फरशीवर चाके सहज फिरतील हे खरे आहे, परंतु बाबा रात्री उठताना पलंगाच्या कडेचाच आधार घेतात. जी वस्तू आधाराची आहे ती एक इंचही सरकता कामा नये, म्हणून चाकांचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा.

मला योग्य वाटतो तो उपाय असा की, पाच फुटी एका गादीऐवजी तीस-तीस इंच रुंदीच्या दोन गाद्या करून घ्याव्यात. लांबी आत्ताचीच, अठ्ठ्याहत्तर इंच, राहील. बाबा लगेच म्हणतील की आहे त्याच गादीतला कापूस पिंजून दोन गाद्या भरून घेऊ. तसे केले तर खर्च वाचेल, हे मला मान्य आहे. पण कापसाची अर्धी गादीसुद्धा जड असते, काही वर्षांत दबून आणखी आवळते, आणि ओढताना मध्येच वाकते. चाळीस घनतेच्या (म्हणजे घनमीटरला चाळीस किलो) फोमची पाच इंच जाडीची तीस इंची गादी साधारण आठ किलोची होते, आणि ती कधी पूर्ण उचलावी लागत नाही, फक्त सरकवावी लागते. फोम उन्हाळ्यात तापतो ही तक्रार खरी आहे, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसकडे जातो तेव्हा, ती तक्रार बारीक मानता येत नाही. त्यावरचा उपाय घरातच आहे, तो पुढे लिहितो.

भिंतीकडच्या गादीच्या खोळीला, दोन गाद्यांमधल्या फटीच्या बाजूने, नवारीचे दोन लांब पट्टे शिवून घ्यावेत. एक पट्टा झोपलेल्या माणसाच्या खांद्याच्या पातळीवर आणि एक गुडघ्याच्या पातळीवर असावा. हे पट्टे दाराकडच्या गादीवरून येऊन पलंगाच्या मोकळ्या कडेपर्यंत पोचावेत. चादर बदलायच्या दिवशी आईने एक पट्टा आणि बाबांनी दुसरा धरून वरच्या दिशेने ओढला की भिंतीकडची गादी उठून दाराकडच्या गादीवर येते. मग ती आणखी फूटभर वाटेकडे ओढून घ्यावी. आता एकावर एक दोन गाद्या असल्यामुळे उंची दहा इंचांची होते, फळीची चौदा धरली तर जमिनीपासून दोन फूट, त्यामुळे फार वाकावे लागत नाही, आणि गादीची पलीकडची कडही दीड फुटावर आलेली असते. चारही कोपरे उभ्याने घालून झाले की तळहातांनी गादी पुन्हा भिंतीकडे लोटावी. दाराकडच्या गादीला तर काही कष्टच नाहीत. तिची आतली कड किंचित उचलून कोपरे चढवले की झाले.

यासाठी शिवणयंत्र आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ हलवावे लागेल. आई, तुझी ती जागा किती वर्षांची आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते यंत्र हलवायला तुला सांगणे मला जड जात आहे. परंतु ते हलले की दीड फुटाची वाट तीन फुटांची होते, आणि बाबांना दारात उभे राहून नुसते पाहावे लागत नाही.

आता चादरीविषयी. बाजारात मिळणारी रबरी कडेची तयार चादर आपण गेल्या वर्षी एका दुकानातून आणली होती. ती दर रात्री डोक्याकडच्या कोपऱ्यातून निसटत असे, आणि त्या निसटलेल्या कोपऱ्यासाठीच आईला पहाटे पलंगावर चढावे लागू लागले. दोष असा होता की ती पातळ गादीच्या मापाची होती. बाजूची उंची झाकल्यावर खाली दुमडायला कापडच उरत नव्हते. नव्या चादरी आईने स्वतःच शिवाव्यात, कारण तिच्याइतके नीट माप कोणी घेणार नाही. रुंदीला तीस इंच गादी, दोन्ही बाजूंची पाच-पाच इंच जाडी आणि खाली दुमडायला चार-चार इंच, असे अठ्ठेचाळीस इंच होतात. लांबीला त्याच हिशोबाने शहाण्णव इंच होतात. शिवणीसाठी दोन्हींत एकेक इंच वाढवून एकोणपन्नास बाय सत्त्याण्णव इंचांचे कापड कापावे, प्रत्येक कोपऱ्यातून नऊ इंचांचा चौकोन काढून टाकावा आणि त्या चौकोनाच्या दोन कडा एकमेकींना जोडाव्यात. इलॅस्टिक चहूबाजूंनी ओवू नये, फक्त कोपऱ्यांना लावावे. सगळीकडे लावले तर चादर इतकी घट्ट होते की शेवटचा कोपरा चढवताना पहिला सुटतो. सुती कापड कापण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळे माप आखडेल. बाबांची सगळी नोकरी चादरींच्या कारखान्यात, घडी खात्यात गेली. उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, आणि धुतल्यावर कापड कोणत्या दिशेला अधिक आटते, हे ते हात लावून सांगतील. कापताना त्यांना शेजारी बसवावे.

आणखी एक लहानशी खूण सांगतो, जी आम्ही गाड्यांमध्ये नेहमी करतो. प्रत्येक चादरीच्या भिंतीकडच्या, उशीकडच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे चार टाके घालून ठेवावेत. अरुंद जागेत चादर उलटसुलट फिरवून पाहण्यातच निम्मे श्रम जातात, आणि हा कोपरा हाताला लागला की बाकीचे तीन आपोआप कळतात.

या चादरी आठवड्यातून एकदा बदलायच्या. रोज पहाटे मात्र त्यांना हात लावायचे कारणच उरणार नाही. दोन गाद्यांमधली फट जाणवू नये आणि फोमची धग अंगाला लागू नये, म्हणून दोन्हींवर मिळून एक वाकळ आडवी अंथरावी. आजीच्या जुन्या लुगड्यांची जी मोठी वाकळ माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, ती या कामाला अगदी पुरेशी आहे, आणि नवारीचे पट्टेही तिच्याखाली झाकले जातील. वाकळीच्या वर आपली सोलापुरी चादर असू द्यावी. ती जाड सुताची आणि वजनदार असल्यामुळे स्वतःच्या भारानेच जागेवर राहते. तिला गादीखाली खोचण्याची गरज नसते, आणि खोचली तर कडा लवकर विरतात हे बाबांनीच मला लहानपणी सांगितले होते. सकाळी ती मोकळ्या बाजूनेच ओढून घ्यावी, लांबीला पंख्यासारखी तीन-चार घड्यांची पट्टी करावी आणि पलंगाच्या दाराकडच्या कडेवर ठेवावी. पसरताना वरच्या घडीच्या दोन टोकांना धरून भिंतीकडे एक झटका द्यायचा. जाड कापड हवेत फुलते आणि बरोबर जाऊन पडते. नक्षी दोन्ही बाजूंनी नीट दिसत असल्यामुळे उलट पडली तरी ती बदलायला धावायचे कारण नाही.

उठल्याबरोबर अंथरूण झाकण्याची तुझी सवय मात्र सोडावी, असे मला मनापासून सांगायचे आहे. रात्रभराची अंगाची ओल गादीत उतरलेली असते, आणि फोमखाली सलग प्लायवूड असेल तर ती फळीवर साचून गादीला खालून बुरशी धरते. पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये हे मी नेहमी पाहतो. चहा होईपर्यंत अर्धा तास खिडकी उघडी ठेवून गाद्या तशाच राहू द्याव्यात. फळीला इंचभर व्यासाची भोके सहा-सहा इंचांवर पाडून देण्याचे काम माझ्याकडे ठेवावे. कपाटाजवळचा पलंगाचा जो टोकदार कोपरा आईच्या नडगीला सतत लागतो, तोही मी गोल करून देईन. फोमचा तेवढा कोपरा कारागिराकडून गोल कापून घेता येतो आणि चादरीला त्याचा काही त्रास होत नाही.

आई, तुझ्या कमरेच्या एक्स-रे चित्रात मणक्यांची झीज दिसते असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तू ते वयाचे म्हणून सोडून दिलेस. परंतु पुढे वाकून, त्याच वेळी अंगाला पीळ देऊन, लांब केलेल्या हाताने जड वस्तू उचलणे हे त्या मणक्यांना सर्वांत जास्त सोसावे लागणारे काम आहे, आणि तू रोज पहाटे नेमके तेच करतेस. कोपरा सुरकुतलेला राहिला तर मला काहीही वाटणार नाही. तुला वाटते, हे मी जाणतो. आलेल्या माणसाने आतल्या खोलीत डोकावले तर अंथरूण ताठ दिसावे, ही तुझी आयुष्यभराची शिस्त आहे, आणि मी ती मोडायला सांगत नाही. ती कमरेला न दुखवता पाळता यावी, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मी हुतात्मा एक्सप्रेसने येतो आहे. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली की दुसऱ्या दिवशी फळीचे काम हाती घेईन. त्याआधी बाबांनी एवढेच करावे की पलंगाची आतली लांबी-रुंदी डोक्याकडे, मध्ये आणि पायथ्याशी अशी तीन ठिकाणी मोजून मला कळवावी, कारण जुन्या पलंगाच्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात आणि गाद्यांची मागणी त्याच मापाने द्यायची आहे. मजुरी आणि फोमचे पैसे मी इथूनच देणार आहे. त्यावर फोनवर वाद घालू नये.

तोपर्यंत भिंतीकडची कड खोचायचीच नाही. साधी, मोठ्या मापाची चादर घेऊन ती पलीकडे तशीच लोंबती सोडावी. फारच राहवले नाही तर कापड मोजायची लाकडी पट्टी टोकाकडून कानशीने घासून गुळगुळीत करून घ्यावी आणि मोकळ्या बाजूला उभे राहूनच तिच्या टोकाने चादर गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत लोटावी. पलंगावर गुडघे टेकवू नयेत. बाबा, पहाटे आतला दिवा लागला तर कृपया एकदा उठून पाहावे.

तुमचा,
धाकटा