थिनरच्या बादलीत बंपर बुडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीच्या जुन्या बंपरचे प्लास्टिक पुन्हा वापरायला त्याचा रंग काढायचा तर ‘थिनरमध्ये भिजवा, फडक्याने पुसा, भंगारात द्या’, असे कालच्या पुरवणीने सांगून टाकले. छायाचित्रात त्या बादलीपासून दोन हातांवर वेल्डिंगचा सेट दिसतो. थिनरची वाफ नेहमीच्या तापमानालासुद्धा ठिणगीने पेट घेते, एवढे तरी छापायचे होते.

दुसरे, तो बंपर ‘फायबर’चा नाही. गॅरेजवाला सगळ्यालाच फायबर म्हणतो, त्याचे चालते. मथळ्यात चालत नाही. बंपर उलटा करून आतली उठावाची अक्षरे वाचायची असतात. बहुतेकांवर ‘पीपी, ईपीडीएम, टीडी 20’ असे काहीतरी असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रबर आणि वीस टक्के टाल्क (खनिजाची भुकटी). यावरचा टू-पॅक (हार्डनर मिसळून मारलेला) रंग थिनरने विरघळत नाही, फार तर सुरकुततो. उलट थिनर आतल्या रबरात मुरतो, आणि प्लास्टिक वितळवून नवा दाणा ओढताना यंत्राच्या बॅरलमध्ये (तापलेल्या नळीत) त्याचे बुडबुडे होतात. स्कूटरचे पॅनेल बहुधा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे. ते थिनरमध्ये स्वतःच चिकट होते आणि रंग त्यातच माखतो. झाले पुसून!

रंग निघतो तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात. आधी पुट्टी भरलेला भाग आणि स्टिकर कापून टाकायचे, मग दळून 8 ते 10 मिमीचे तुकडे करायचे. शंभर लिटर पाण्यात पाच किलो कॉस्टिक (कॉस्टिक पाण्यात, पाणी कॉस्टिकवर नव्हे), थोडे वेटिंग एजंट (पाणी नीट भिनवणारे द्रव्य), 80 ते 90 अंश आणि सतत ढवळणे. टाकी लोखंडी किंवा स्टीलची हवी, ॲल्युमिनियमची चुकूनही नको. मेटॅलिक रंगातली ॲल्युमिनियमची पूडसुद्धा फसफसून हायड्रोजन सोडते, म्हणून झाकण घट्ट बसवू नये. प्रायमर (रंगाखालचा थर) सुटला की रंगाची साल निघते. उरलेली साल तुकडे एकमेकांवर घासून धुताना जाते. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, ती या टाकीत टाकली तर प्लास्टिकच खराब होते.

एवढा खटाटोप कशाला? रंग वितळत नाही. त्याचे कण वितळलेले प्लास्टिक गाळायच्या जाळीत अडकून दाब चढतो, आणि जे निसटतात तिथूनच नवा भाग तडकतो. एबीएस आणि टाल्कवाले पीपी पाण्यात वेगळे करू म्हणाल, तर साधे पीपी तरंगते, पण वीस टक्के टाल्कवाले एबीएसइतकेच जड, दोन्ही बुडतात. म्हणून निवड दळण्याआधी, अक्षरे वाचूनच.

खरी डोकेदुखी उरते ती पाण्याची. काळपट कॉस्टिक आणि तळाचा रंगाचा गाळ ओढ्यात सोडायचा नसतो. पाणी आम्ल घालून उदासीन करायचे, गाळ घातक कचरा म्हणून पिसुर्लेच्या घातक कचरा केंद्रात जायला हवा. लेखात यावर एक ओळ नाही. ‘उरलेले ओतून द्या’ एवढे मात्र आहे.

जाता जाता, आमच्या पंचायतीचा कचरा नेणारा बंपर घेत नाही, ‘हा सुका नव्हे’ म्हणतो. मग ओला का?

दुरुस्ती छापणार असाल तर मागच्या खेपेसारखी निविदांच्या खाली नको.

आपला,
एक वाचक, कुंडई