‘+१.५’ म्हणजे दीड प्यादे नव्हे

संपादक महोदय,

उन्हाळी बुद्धिबळ स्पर्धा सांगलीला नव्या नाहीत. नवी आहे ती डाव संपताच मोबाइलवरच्या बुद्धिबळ प्रोग्रॅमने दाखवलेला ‘+१.५’ (म्हणजे पांढरा दीड गुणाने पुढे) पाहून पोराला बोलणी देण्याची पद्धत. हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहायला हवे.

संगणक डाव शेवटपर्यंत पाहत नाही. एका स्थितीत साधारण ३५ चाली धरल्या, तर दोघांच्या दोन-दोन चालींतच १५ लाख स्थिती होतात. म्हणून तो काही चालींपर्यंत शोध घेतो आणि तिथल्या पटाला गुण देतो. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये मांडलेला हिशेब असा: वजीर ९, हत्ती ५, उंट-घोडा ३, प्यादे १, दुहेरी (एकाच स्तंभात पुढे-मागे आलेल्या) प्याद्याला अर्धा गुण वजा.

खरी गंमत छाटणीत आहे. आपल्या चालीला प्रतिस्पर्ध्याचे एक सणसणीत उत्तर सापडले, की ती चाल बाद. उरलेली उत्तरे तपासायचीच नाहीत. प्रत्येक ठिकाणी चांगली चाल आधी आली, तर त्या १५ लाखांचे काम २,४४९ स्थितींत भागते. क्रम उलटा लागला, तर काहीच वाचत नाही. म्हणूनच प्याद्याने वजीर मारण्यासारख्या चाली आधी तपासतात.

शोध भलत्या जागी थांबला की फसगत होते. शेवटच्या चालीत वजिराने जोर असलेले प्यादे खाल्ले, तर नोंद +१. पुढच्याच चालीत वजीर जातो आणि हिशेब -८. त्यामुळे मारामारी निवेपर्यंत फक्त मारण्याच्या चाली पुढे पाहाव्या लागतात.

नुसती मोजणीही फसवते. पांढऱ्याकडे काळ्या घरांचा उंट आणि ए-स्तंभातले प्यादे, काळा राजा ए-८ च्या कोपऱ्यात: मोजणी +४ म्हणते, डाव मात्र बरोबरीचा, कारण तो कोपरा पांढरा आणि उंट राजाला तिथून हुसकू शकत नाही.

स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रॅममध्ये २०२० पासून गुण देण्याचे काम न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेली संगणकीय रचना) करू लागले. २०२२ च्या अखेरीपासून तर त्याचा +१ म्हणजे एक प्यादे नव्हेच. जिंकण्याची शक्यता ५० टक्के, तीही त्याच तोडीचे दोन प्रोग्रॅम खेळत असतील तर! चौथीतल्या मुलाला तो आकडा कसा लावणार?

मोबाइलवर खोली (शोध किती चाली पुढे गेला, तो आकडा) निदान २० होऊ द्या, आकडा स्थिरावतोय का पाहा आणि एकाऐवजी तीन चाली दाखवण्याची सोय सुरू करा. मुलाची चाल पहिल्या चालीपेक्षा ०.२ ने कमी असेल, तर ती चूक धरू नये.

– एक बुद्धिबळप्रेमी, विश्रामबाग, सांगली