फॉर्मवरच्या त्या एका ओळीसाठी

रात्रपाळीच्या सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आबांच्या लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, फॉर्मवर तुम्ही लिहिलंत: ‘जुना कॅथेटर काढून नव्यातून नमुना. अँटिबायोटिकच्या आधी.’ हे पत्र लघवीच्या नळीबद्दलच्या त्या ओळीसाठी आहे.

आधीच्या ठिकाणी लघवी गढूळ दिसली की गोळी, रिपोर्टात पस सेल्स (पू-पेशी) आल्या की इंजेक्शन. ताप नाही, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं नाही, तरी औषध चालूच. कॅथेटर असला की लघवीत जंतू शिरण्याचा धोका दिवसाला 3 ते 8 टक्के. महिनाभरात ते जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. लक्षणं नसतील तर, गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडून, त्यांना औषध द्यायचंच नसतं. दिलं की दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. पुढे खरोखर थंडी वाजून ताप भरला, तेव्हाही नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिकच! ते लघवीत उतरतं, पण रक्तात आणि किडनीत पुरेसं पोचत नाही. आणि नमुना? तासन् तास साचलेल्या पिशवीच्या तोटीतून. अर्थातच मिश्र वाढ, म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ आली, रिपोर्ट निरुपयोगी.

जुन्या नळीच्या आत जंतूंचा चिकट थर धरतो. तिच्यातून घेतलेल्या नमुन्यात त्या थरातले जंतू येतात, मूत्राशयातले कोणते ते कळत नाही. शिवाय अँटिबायोटिक त्या थरापुढे कमी पडतं. म्हणून नळी 2 आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून लागणार असेल, तर ती आधी बदलायची. तुम्ही बदललीत. नवीन नळीचा सॅम्पलिंग पोर्ट (नमुना घ्यायची जागा) स्पिरिटने पुसून निर्जंतुक सिरिंजने लघवी घेतलीत, लॅब उघडेपर्यंत नमुना फ्रिजमध्ये ठेवलात. पिशवीतून बाटली भरणं दोन मिनिटांचं काम होतं.

कल्चरमध्ये एकच जंतू आला, क्लेबसिएला. त्यामुळे डॉक्टरांना भारी इंजेक्शन थांबवून नेमकं औषध देता आलं. ताप लवकर उतरला म्हणून 7 दिवसांत कोर्स संपला. रेंगाळला असता तर 10 ते 14 दिवस लागले असते.

सिस्टर, अशा कामाची नोंद कुठल्याच बिलात नसते. चांगुलपणा बहुधा असाच असतो, पेशंट आपला नसतानाही पूर्ण काम करण्याचा. आणि राउंडला तुम्ही रोज विचारायचात, “सर, कॅथेटर अजून लागतोय का?” त्या प्रश्नामुळेच तो निघाला. जंतुसंसर्ग टाळायचा त्याहून खात्रीचा उपाय नाही.

आपले ऋणी,
आबांच्या घरची मंडळी