नवतप्यात वाकलेली रेकॉर्ड आणि तुमचे शंभर रुपये

दिनांक : १८ जून २०२४
ता. तिवसा, जि. अमरावती

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
कुरिअर कंपनी, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : तुमच्या गोदामात खराब झालेल्या पार्सलची भरपाई आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ ही खोटी नोंद.

महोदय,

मी गावात ई-सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, कोणाचं आधार भलत्याच खात्याला जोडलं गेलं तर त्याचा निस्तार, अशी कामं. लोकांच्या तक्रारी लिहून देण्यात आठ वर्षं गेली. स्वतःची लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अर्जाची भाषा मधेच सुटली तर सांभाळून घ्या.

१८ मे रोजी मुंबईच्या एका लहानशा दुकानाने माझ्या नावाचं पार्सल तुमच्याकडे दिलं. आत गाण्यांची एक बारा इंची रेकॉर्ड होती. किंमत ३,२०० रुपये, तुमचं भाडं १८० रुपये. २४ मे रोजी ते तालुक्याच्या तुमच्या गोदामात पोहोचलं, असं तुमचंच ट्रॅकिंग सांगतं. तिथून माझं घर २२ किलोमीटर. हे अंतर कापायला पार्सलला दहा दिवस लागले. ३ जूनला ते हातात आलं. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल होता, सगळं गाव त्याच गोष्टीत गुंतलेलं, आणि मी एकटा घराच्या ओसरीत एक वाकडी तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून बसलो होतो.

मधल्या दिवसांच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. २७ मे, सकाळी ११.४२ : ‘ग्राहक उपलब्ध नाही’. २८ मे : ‘पत्ता सापडला नाही’. २९ मे : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून डिलिव्हरी पुढे ढकलली’. म्हणजे पहिल्या दिवशी मी नव्हतो, दुसऱ्या दिवशी माझं घर नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी, घरच सापडलं नसताना, मी तुम्हाला विनंती केली. २७ तारखेला ११.४० वाजता मी केंद्रात बसून एका आजीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होतो. त्या अर्जाच्या पावतीवर वेळ छापलेली आहे, प्रत सोबत जोडली आहे. माझ्या मोबाईलवर त्या तीन दिवसांत तुमचा एकही कॉल नाही. मिस्ड कॉलसुद्धा नाही.

३० मे रोजी मी स्वतः गाडी काढून गोदामात गेलो. दुपारचे दोन वाजले होते. तुम्ही मुंबईत बसता, म्हणून सांगतो : २५ मेपासून आमच्याकडे नवतपा असतो. नऊ दिवस. त्या दिवसांत माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, कुत्रं नालीतून उठत नाही. पारा ४४ च्या आसपास, तोही सावलीतला. तुमचं गोदाम चहूबाजूंनी टिनाचं. आत ना कूलर, ना खिडकी. पश्चिमेच्या टिनाला टेकवून पार्सलं रचलेली. मी सहज त्या टिनाला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला.

तिथल्या पोराने मला पाणी दिलं. ओल्या बारदान्यात गुंडाळलेल्या मटक्यातलं, गारेगार. म्हणाला, “भाऊ, तुमचं गाव रूटवर नाई. पाच-सहा पार्सलं जमले की मंग जातो. एका पार्सलसाठी पेट्रोल कोन देते मले?” मी म्हटलं, माझं आता देऊन टाक. तर म्हणे सर्व्हर बंद आहे, सायेब जेवाले गेले, स्कॅन झाल्याबिगर देता येत नाई. मी तासभर थांबलो. साहेब आले नाहीत, सर्व्हरही आला नाही. या पोराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हे पत्र वाचून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडणार असेल तर पत्र इथेच फाडा. पेट्रोल त्याचं, ऊन त्याचं, आणि खोटी नोंद टाकली नाही तर दंडही त्याचाच, असं दिसतं.

आता वस्तूबद्दल. तुमच्या कागदावर तिचं वर्णन ‘प्लास्टिक आर्टिकल’ असं आहे. खोटं नाही ते. रेकॉर्ड पीव्हीसीची असते. आमच्याकडे पीव्हीसी म्हटलं की आधी ओलिताचे पाइप आठवतात, आणि उन्हाळ्यात बांधावर टाकलेला पाइप कसा वाकतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. ६० अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडायला लागतं. पाइप वाकला तर पाणी तरी येतं. रेकॉर्डच्या खाचेत गाणं असतं आणि सुईला सपाट रस्ता लागतो. माझी रेकॉर्ड एका कडेने ११ मिलिमीटर वर उचलली गेली आहे, पट्टीने मोजली. माय त्या दिवसांत माळवदावर पापड टाकत होती, ते वाळताना जसे कडेने वळतात तशीच ती दिसते. ही रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे दर १.८ सेकंदाला सुई एकदा चढ चढते आणि पलीकडे घसरते. सूर हेलकावतो. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला सुई उडून पुढच्याच ओळीत पडते.

या रेकॉर्डवर अमेरिकन फुटबॉल नावाच्या बँडचा पहिला अल्बम आहे. खेळाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या तीन पोरांनी १९९९ साली कॉलेज संपता संपता काढलेला. अल्बम आला आणि बँड मोडला. तिघं आपापल्या वाटेने गेले. पुढे पंधरा वर्षं लोक तो एकमेकांच्या हाती देत राहिले, तेव्हा कुठे २०१४ साली ते पुन्हा एकत्र आले. मुखपृष्ठावर अर्बाना गावातल्या एका साध्या घराचा फोटो आहे. ते घर बघायला जगभरातून लोक जातात. गेल्या वर्षी त्या बँडने आणि त्यांच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, आणखी काही जणांसोबत मिळून ते घर विकतच घेतलं. येत्या सप्टेंबरमध्ये अल्बमला २५ वर्षं होतील. मला तेव्हा तो सुईखाली लावायचा होता.

मला हे संगीत एका पेन ड्राइव्हवर मिळालं. अमरावतीला कॉलेजात असताना होस्टेलच्या मित्राने १६ जीबी भरून दिलं होतं. सुट्टीत घरी आलो की सोयाबीनच्या जागलीला मी जायचो. रात्री रानडुकरं आणि रोही येतात, त्यांना हाकलायला बॅटरी आणि डबा. एका कानात इअरफोन, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. दोन गिटारी एकमेकींत गुंतत जातात, मधेच ढोल वाजवणारा पोरगा ट्रम्पेट उचलतो, आणि गाणारा असा गातो जणू बाजूच्या खोलीत कोणी झोपलंय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अर्बानाच्या चहूकडे मका आणि सोयाबीनच आहे. सोयाबीनमधून निघालेलं गाणं सोयाबीनमध्ये येऊन पोहोचलं, हे मी पेन ड्राइव्ह देणाऱ्या मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, तुझं डोकं उन्हाने गेलंय.

हे संगीत एमो नावाच्या प्रकारातलं, आणि एमो निघाला पंक रॉकमधून. लोकांना पंक म्हटलं की उभे केस आठवतात आणि एमो म्हटलं की डोळ्यांवर आलेले. त्यात तथ्य आहे थोडं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट धरून ठेवते. १९८० साली वॉशिंग्टनमध्ये इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन या विशीही न ओलांडलेल्या पोरांनी डिस्कॉर्ड नावाचं लेबल काढलं. मोठी रेकॉर्ड कंपनी दारात उभी करणार नव्हतीच, म्हणून सुरुवातीच्या रेकॉर्डींची पाकिटं त्यांनी स्वतः कापली, दुमडली, खळ लावून चिकटवली. मॅकायच्या पुढच्या बँडने, फुगाझीने, तिकीट वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि रेकॉर्डच्या पाकिटावरच टपालखर्चासह किंमत छापली, दुकानदाराने जास्त लावू नये म्हणून. १९८५ च्या सुमारास त्याच शहरात राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडने रागासोबत रडणंही गाण्यात आणलं, त्याला लोक एमो म्हणू लागले. खुद्द त्या बँडवाल्यांना हा शब्द आवडला नाही. माझे बाबा तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, मोझरी इथून जवळच. त्यांना मी एकदा ते ऐकवलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वरडून ऱ्हायला, पण खोटा नाई वरडून ऱ्हायला.” याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण एकच. या संगीताला ना मोठा रेडिओ होता, ना मोठं दुकान. ते वाढलं टपालावर. पाकिटात नोटा घालून पाठवायच्या, उलट टपाली रेकॉर्ड यायची, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि दुसऱ्या बँडचा कागद. कुठल्याशा लहान गावातल्या पोराला आपल्यासारखं दुसरं कोणी आहे हे पोस्टमनमुळे कळायचं. म्हणजे तुमचा जो धंदा आहे, नेमक्या त्याच भरवशावर. तुमच्या गोदामात वाकलेल्या वस्तूचा अख्खा इतिहास पार्सल वेळेवर पोहोचण्याचा आहे, आणि ती तुम्ही ‘प्लास्टिक आर्टिकल, ५०० ग्रॅम’ म्हणून बंद केलीत.

४ जूनला मी तुमच्या मदत क्रमांकावर बोललो. चाळीस मिनिटं धून ऐकली (ती फुकट होती, मान्य). पलीकडच्या ताईंनी शांतपणे समजावलं, “सर, गाना तो ऑनलाइन मिल जाता है ना?” मिळतं. पाणीही नळाला मिळतं, म्हणून कोणी घरातली विहीर बुजवत नाही. मोबाईलवर महिनाभर ऐकून त्या बँडच्या पदरी जे पडतं त्यात त्यांचा चहा होणार नाही. एक रेकॉर्ड विकली तर काहीतरी पोहोचतं.

१० जूनला तुमचा ईमेल आला आणि तक्रार बंद झाली. कारणं अशी : पेटी बाहेरून शाबूत होती, २४ तासांत उघडतानाच्या व्हिडिओसह कळवलं नाही, कमाल भरपाई १०० रुपये.

पेटी शाबूत होती हे अगदी खरं. तेच माझं म्हणणं आहे. आपटली, दबली, भिजली असती तर पुठ्ठा आधी बोलला असता. पुठ्ठा ठणठणीत आणि आतली रेकॉर्ड वितळून वळलेली, याचा अर्थ उष्णता सोडून दुसरा लागत नाही. पेटीवर दुकानाने लाल अक्षरात ‘उन्हापासून दूर ठेवा’ असं चिकटवलं होतं, फोटो जोडला आहे. २४ तासांचं म्हणाल तर पीक विम्याच्या कंपनीलाही नुकसान कळवायला शेतकऱ्याला ७२ तास द्यावे लागतात, आणि त्यांच्याबद्दल आमच्याकडे काय बोललं जातं ते मी इथे लिहू शकत नाही. दहा दिवस पार्सल दाबून ठेवणाऱ्याने घड्याळ दाखवू नये. आणि शंभर रुपये? ३० मे रोजी तुमच्या गोदामापर्यंत जाऊन-येऊन ४४ किलोमीटर झाले. ते पेट्रोललाच गेले.

गेल्या महिन्यात, ७ मे रोजी, शिकागोत स्टीव्ह अल्बिनी वारला. आमच्या या दुनियेत फार मोठा माणूस. शेकडो बँडच्या रेकॉर्डींचं ध्वनिमुद्रण त्याने केलं आणि विक्रीवर टक्केवारी कधी घेतली नाही. प्लंबरसारखी मजुरी द्या, काम झालं की मी मोकळा, असं त्याचं म्हणणं. मला हा हिशोब पटतो. तुम्ही १८० रुपये मजुरी घेतली, काम झालं नाही. मनस्तापाचे लाख-दोन लाख मागायचा सल्ला मला मिळालेला आहे, केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला कायदा येतो. मी ते मागत नाही. ३,२०० रुपये किंमत आणि १८० रुपये भाडं, एकूण ३,३८० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. २७, २८ आणि २९ मेच्या तिन्ही नोंदी खोट्या होत्या असं लेखी द्यावं, कारण त्या नोंदींमुळे दुकानाच्या वहीत मी पार्सल न घेणारा गिऱ्हाईक ठरलोय आणि पुढची रेकॉर्ड पाठवायला ते आता कचरतात. आणि त्या टिनाच्या आत किमान एक पंखा लावा. पार्सलांसाठी म्हणा हवं तर, पोराला वारा आपोआप लागेल. त्याच ढिगाऱ्यात मी औषधांची दोन पाकिटं पाहिली होती.

१५ दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल मी अमरावतीच्या जिल्हा आयोगात जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मला मुंबईला यावं लागत नाही. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ग्राहक आयोगाचा ऑनलाइन अर्ज भरायला लोक माझ्याकडेच येतात, स्वतःचा भरायला मला अर्धा तास लागेल. मात्र आता पीक विम्याची गर्दी सुरू होतेय, म्हणून तो अर्धा तास वाचला तर बरं.

बिलाची प्रत, ट्रॅकिंगच्या नोंदी, ११.४० ची पावती आणि वाकलेल्या रेकॉर्डचे पट्टीसह काढलेले चार फोटो सोबत आहेत. रेकॉर्ड तपासणीला हवी असेल तर न्यायला माणूस पाठवा. मी घरी आहे, घरही जागेवर आहे. फक्त सकाळी दहाच्या आत या आणि नेताना ती आडवी, सावलीत ठेवा.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व पार्सल क्रमांक जोडपत्रात)