किफायतशीर म्हणजे स्वस्त नव्हे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

शाईच्या टाकीचा महाग प्रिंटर घेतल्यावर तू विचारलेस, ‘पैसे वसूल होतील ना?’ तेव्हापासून तो शब्दच मनात घोळतो आहे. ‘वसूल’ मूळचा अरबी. पोहोचणे, हाती येणे हा त्याचा अर्थ. मराठीत तो शेतसारा आणि थकबाकी यांच्या हिशेबात रुळला, म्हणून ‘पैसे वसूल’ म्हणताना वस्तू जणू आपली कर्जदार होते. कंटाळवाणा चित्रपट केवळ तिकीट काढले म्हणून शेवटपर्यंत पाहणे हा त्याच वसुलीचा हट्ट. तिकिटाचे पैसे गेलेलेच असतात, वर संध्याकाळही जाते.

तुझ्या खरेदीला मी ‘किफायतशीर’ म्हणेन. अरबीत ‘किफायत’ म्हणजे पुरेसे असणे, पुरून उरणे. त्याला आपण ‘फायदेशीर’, ‘कायदेशीर’ यांतला ‘शीर’ जोडला. हा सुंदर शब्द जाहिरातींनी ‘स्वस्त’च्या जागी वापरून पार झिजवला, याचे मला खरोखर वाईट वाटते. स्वस्त आहे की नाही हे बिल पाहून सांगता येते. किफायतशीर आहे की नाही हे कळायला वस्तू वापरावी लागते.

माझेच पाहा. मी सर्वांत कमी किमतीचा प्रिंटर आणला. महिनाभर तो बंद राहिला की शाई वाळते, कागदावर पांढऱ्या रेघा उमटतात, मग यंत्र स्वतःची नळी साफ करताना उरलेली शाई पिऊन टाकते आणि मी पुन्हा नवे काडतूस आणतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तू मात्र रोज मुलांचे स्वाध्याय छापतोस, त्यामुळे तुझा दर पानामागचा खर्च उतरत जाईल. माझ्यासारख्या क्वचित छापणाऱ्याला तोच प्रिंटर किफायतशीर ठरला नसता, हेही खरे.

सरकारी खर्चालाही हीच कसोटी लागते. ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कायद्याने काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तिन्ही अंगांनी खर्च तपासण्याचा अधिकार महालेखापरीक्षकांना दिला. आपण बहुधा पहिल्यापाशीच थांबतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, की काम चोख झाले असे समजतो.

टाकी पहिल्यांदा रिकामी होईल तेव्हा किती पाने छापून झाली, ते मला नक्की कळव.

तुझा,
अविनाश