गंजिफाच्या पानाएवढी जागा देणाऱ्या काकींस

तीर्थस्वरूप काकींस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

वेंगुर्ल्यात लवकरच माझ्या चित्रांचे प्रदर्शन भरत आहे. प्रत्येक चित्राखालच्या चिठ्ठीवर चित्राचे नाव, माध्यम आणि माझे नाव एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. रंगाखालची जमीन, म्हणजे चित्राचा पृष्ठभाग, बांधायला कोणी शिकवले, हे लिहायला तिथे जागाच नसते. चारचौघांत झालेले कौतुक आपल्याला रुचत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, ते त्यासाठीच.

माझ्या स्वप्नांत पहिल्यापासून गोष्टींची सरमिसळ होत आली आहे. विहिरीवर उतरणाऱ्या सात जलदेवता म्हणजे आसरा, ज्याचा प्राण सातासमुद्रांपलीकडच्या पोपटात ठेवलेला आहे असा राक्षस, आणि जत्रेतल्या दशावतारी नाटकात आईच्या मांडीवर पेंगत पाहिलेला काळ्या वेशातला संकासुर, हे सगळे एकाच रात्री एकाच अंगणात येत. त्यातले नाटकात किती पाहिले आणि झोपेत किती, हे मला तेव्हा सांगता आले नसते. आता ते निवडत बसण्याची इच्छाही उरलेली नाही. पहाटेचे स्वप्न खरे होते असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे होवो न होवो, स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि तिच्यातूनच जाग आली तर पाहिलेले आठवते, म्हणून मी उशाशी वही ठेवू लागले. पुढे मुंबईत कलाशिक्षण झाले, कापडावरच्या नक्षीकामाची नोकरी झाली, संसारही झाला. वह्या भरत राहिल्या. चित्रे मात्र जमत नव्हती, कारण एका स्वप्नातले सगळेच मला एका कॅनव्हासवर हवे असे आणि त्या गर्दीत स्वप्नच हरवून जाई.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवताना पाहिल्यावर ते काम घरी करणारे कोणी भेटेल का, अशी चौकशी करत मी आपल्या दारी आले. मी शिकायला आले आहे की पाहुणी म्हणून, हे आपण विचारले नाही; भाजलेल्या चिंचोक्यांचे सूप माझ्यापुढे सरकवले आणि साले काढायला सांगितले. ते भिजत घालायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, मंद आचेवर ढवळत शिजवायचे आणि पावसाळ्यात खळीला बुरशी येऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. मग ती खळ लावून कापडाचे थर चिकटवायचे, वर खडीच्या पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत राहायचे. माझे घोटून झाले की आपण पानावरून अंगठा फिरवत असा आणि काही न बोलता ते पुन्हा माझ्या हातात देत असा. चित्रकलेच्या शिक्षणात पृष्ठभागाबद्दल मी बरेच ऐकले होते. त्या अंगठ्याने जे कळले, ते त्यात नव्हते.

दशावतारी गंजिफाच्या संचात दर अवताराचा एक असे 10 रंग असतात, प्रत्येकाची 12 पाने, म्हणजे 120 गोल पाने. राजा आणि वजीर सोडले तर बाकीच्या पानांवर मासा, कासव, परशू अशा खुणाच तेवढ्या मोजून काढलेल्या असतात. मी एकदा रापणीचे स्वप्न सांगितले होते. सारा गाव किनाऱ्यावर दोर ओढतो आहे आणि जाळ्यात मासळीऐवजी दिवे लागलेली घरे येत आहेत. त्यासाठी मोठे पान कापू का, असे विचारताच आपण म्हणालात, “सपान मोठां आसलां म्हणान पान मोठां करूचा नाय गो.” मग गाव गेला, किनारा गेला, दोरही गेला, एक मासा आणि त्याच्या पोटात दिवा लागलेली एक खिडकी एवढे उरले. वेद पळवणाऱ्या संकासुराला मारणारा मत्स्य माझ्या हातून असा उतरेल, असे मला वाटले नव्हते. या चित्रांना कोणी पारंपरिक गंजिफा म्हणू नये, कारण त्यांनी खेळता येणार नाही. पण त्यांची शिस्त गंजिफाची आहे आणि ती आपल्या ओसरीवरून आलेली आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मी आपली ऋणी आहे. माझ्या स्वप्नांचा अर्थ आपण कधी विचारला नाही. बाकी सगळे विचारतात, शिकलेले तर जरा जास्तच. आपण मात्र आसरेच्या लुगड्याचा काठ कोणता, पोपट कोणत्या फांदीवर बसला होता, असे विचारत असा आणि उत्तर देता देता मला चित्र दिसू लागे.

प्रदर्शनातल्या प्रत्येक चिठ्ठीवर या वेळी ‘जमीन बांधण्याचे शिक्षण : सावंतवाडीच्या काकी’ अशी जास्तीची ओळ असेल. पूर्ण नाव घालायला आपण परवानगी दिलीत तर चिठ्ठ्या नव्याने लिहून घेईन. मत्स्याच्या रंगाची पाने झाली आहेत, कूर्माची चालू आहेत. त्यांवर लाखेचा हात देण्याआधी एकदा आपल्या अंगठ्याखालून जावीत, म्हणून येत्या आठवड्यात एस.टी.ने घेऊन येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
वेंगुर्ले